पाठीला पाठ

५ मे २०२४, रविवार

मुख्याध्यापकबाईंचा फोन. शाळेची रस्त्याकडची भिंत चुना मारून तयार आहे, सुटीत पोरांना हाताशी धरून काहीतरी काढा म्हणाल्या. "बहिणाबाई सोडून काहीही," हेही त्यांनीच सांगितलं. त्यांचंही खरं आहे. असोदं बहिणाबाईंचं माहेर, त्यामुळे रिकामी भिंत दिसली की आमच्याकडे आधी जातं येतं आणि मग सुगरणीचा खोपा. मी स्वतः नोकरीत असताना इतके खोपे काढलेत की डोळे मिटून काढीन.

पोरांना विचारलं, तर एका सुरात उत्तर आलं: रेल्वे. त्यातही मोबाइलवर पाहिलेली वंदे भारत. इथून जळगावला जायचं म्हणजे रूळ ओलांडणं आलंच, अर्धी लहानपणं असोदा गेटवर गाडी जायची वाट बघण्यात गेली. तेव्हा रेल्वे ठीक. पण नुसतं इंजिन काढून काय करायचं, हे काही मला कळेना.

७ मे, मंगळवार

भाचा कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असतो. भिंतीचं सांगितलं तर त्याने तिथल्या रेल्वे संग्रहालयातल्या एका मोठ्या तैलचित्राचा फोटो पाठवला. थॉमस हिलचं 'द लास्ट स्पाइक', १८८१चं, आठ फूट बाय बारा फूट. प्रसंग १० मे १८६९चा. पूर्वेकडून युनियन पॅसिफिकचे रूळ आले, पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिकचे, आणि यूटातल्या प्रॉमन्टरी नावाच्या माळावर दोन्ही जुळले. शेवटचा खिळा सोन्याचा.

चित्रात सत्तरएक असामी ओळखू येतील अशा रंगवल्या आहेत. त्यातल्या थिओडोर ज्युडा या इंजिनिअरला मरून तेव्हा साडेपाच वर्षं झाली होती, तरी तो उभा आहे. सेंट्रल पॅसिफिकच्या दहा मजुरांतले नऊ चिनी होते. ते मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बिननावाचे. पोर्ट्रेटच्या धंद्यात पैसेवाल्याचं नाक आधी रंगतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. गंमत पुढे आहे: सेंट्रल पॅसिफिकच्या ज्या स्टॅनफर्डसाहेबांनी चित्र काढायला सांगितलं म्हणतात, त्यांनीच ते घेतलं नाही.

रात्री भाच्याशी या चिनी मजुरांबद्दल बराच वेळ बोललो. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग भागातून आलेली दहा ते वीस हजार माणसं. सिएरा नेवाडा पर्वतातल्या सर्वांत वरच्या बोगद्याला ग्रॅनाइट इतका कठीण की दिवसाकाठी काही इंचच काम सरके. १८६७च्या जूनमध्ये गोऱ्यांइतकी मजुरी आणि कमी तास मागत हजारोंनी काम बंद ठेवलं. कंपनीने शिधा तोडला. आठवड्याभरात संप मोडला. पगाराच्या वह्यांत टोळीच्या मुकादमाचं तेवढं नाव. एका दिवसात दहा मैल रूळ टाकायचा विक्रम झाला, तेव्हा रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश गड्यांची नावं लिहून ठेवली गेली. त्याच दिवशी राबलेल्या चिन्यांतलं एकही नाही. आणि इतक्या हजारांतल्या एकाचंही स्वतःच्या हातचं पत्र आजवर सापडलेलं नाही.

८ मे, बुधवार

संध्याकाळी आबांकडे गेलो. आबा म्हणजे भुसावळ विभागात गँगमन म्हणून लागून मेट होऊन निवृत्त झालेले. त्यांना चिन्यांची हकिकत सांगितली, तर म्हणाले, "भो, आपल्याकडची लाइन काय विंग्रजानं स्वतः पाटी डोक्यावर घेऊन टाकली का?"

बोलणं निघालंच म्हणून घरी येऊन जुनी टिपणं काढली. बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ला सुरू झालं, १८६३ला गाडी चढली. पंचवीस बोगदे. १८६१च्या सुरुवातीला एका वेळी बेचाळीस हजार माणसं कामावर होती. नवरा सुरुंगाला, बायको पाटी वाहायला, पोर सावलीला दगडाआड. पटकीने माणसं पटापट मेली. एकूण मृत्यूंचे अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातात. १८५९ला मजुरीवरून दंगा झाला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन काही आठवड्यांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट तडीस नेलं. तिचं नाव राहिलं, आणि राहावंच. बेचाळीस हजारांतलं एक तरी सांगा.

लाइन खानदेशात आली तीही १८६०च्याच दशकात. अमेरिकेत यादवी पेटल्यामुळे मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना आणि आमच्या कपाशीला सोन्याचा भाव आला होता. लिंकनने पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली ती १८६२ची, त्याच युद्धातली. म्हणजे तिकडे चिनी माणूस डोंगर फोडत होता तेव्हा इकडे काळ्या मातीत भराव टाकणारा कुणीतरी होताच. तो आमच्याच शिवारातला असेल किंवा चार जिल्हे ओलांडून टोळीबरोबर आलेला असेल.

१० मे, शुक्रवार. आखाजी

योग असा की प्रॉमन्टरीला आज १५५ वर्षं झाली आणि आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

बहीण काल सावद्याहून आली. सकाळी घागर पुजली. नवी मातीची घागर, तिच्यावर लहान भांडं, वर डांगर, आंबा, सांजोरी. मग उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत पितरांची नावं घ्यायची. वडील, आजोबा, पणजोबा. पणजोबांच्या वडिलांपाशी माझी गाडी दरवर्षी अडते. बहीण न अडखळता पुढची बोटं ओढत गेली. "नाव नाही म्हणून माणूस नव्हता का?" एवढं बोलून ती पुरण वाटायला आत गेली.

दुपारी रस-पोळी चापून आडवा झालो तरी डोळा लागेना. ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगलेला, लिंबाला झोका, बायकांची गाणी. डोक्यात कॉर्की ली. न्यूयॉर्कचा चिनी-अमेरिकन छायाचित्रकार. १८६९च्या समारंभाचा ए. जे. रसेलने काढलेला फोटो जगभर छापला जातो. दोन इंजिनं समोरासमोर, वर चढून बाटल्या पुढे करणारी माणसं, आणि चिनी शोधून सापडत नाही. शाळेत असताना ली याने तो पाहिला, आणि मोठेपणी, २०१४ला, त्या मजुरांचे वंशज आणि इतर आशियाई अमेरिकन माणसं जमवून त्याच जागी, तशाच दोन इंजिनांपुढे त्याने तो पुन्हा काढला. १९६९च्या शताब्दीला तिथल्या मंत्र्याने भाषणात बोगदे खोदल्याचं श्रेय अमेरिकनांना देऊन टाकलं होतं आणि चिनी समाजाच्या प्रतिनिधीला बोलायला वेळच मिळाला नव्हता. या सगळ्याला लीचं उत्तर एका फोटोचं. मला ते कुठल्याही पुतळ्यापेक्षा आवडलं. पुतळ्याला हार घातला की लोक मोकळे होतात; या फोटोत येऊन उभं राहावं लागतं.

भिंतीचं तेव्हा ठरलं. इंजिन नाही. रूळ आणि माणसं. आणि भिंतीच्या तळाशी उंबऱ्यासारखा पट्टा मोकळा ठेवायचा, गावातल्या ज्याला वाटेल त्याने येऊन गेरूचं एक बोट ओढायचं.

१४ मे, मंगळवार

शाळा मतदान केंद्र होती, त्यामुळे कालपर्यंत भिंतीला हात लावता आला नाही. आज पहाटे साडेपाचला सुरुवात. नऊला उन्हाने हाकललं.

इंजिन नाही म्हटल्यावर पोरं हिरमुसली. एकाने "मग रेल्वे कशी कळंल?" असा रास्त प्रश्न केला. रूळ काढले की कळतं म्हणालो. तरी कोपऱ्यात दूरवर धुराचा एक ठिपका द्यायचा, अशी तडजोड झाली.

सातवीतल्या मुलीने स्लीपरखाली गिट्टी ठासणारे दोन गडी खडूने छान आखले. समोरासमोर, बीटर म्हणजे ठासायची हत्यारं डोक्यावर उगारलेले, अगदी पोस्टरमध्ये शोभतील असे. आबा दूध घेऊन चालले होते. थांबले. पिशवी तिच्या हातात दिली आणि माझी काठी मागून घेतली.

एका स्लीपरला चार माणसं लागतात, त्यांनी दाखवलं. एकेका रुळापाशी दोघं, तेही पाठीला पाठ लावून. दोघांनी एकाच वेळी, उलट्या दिशांनी, रुळाच्या बुडाखाली तिरपं मारायचं. बीटर छातीच्या वर न्यायचा नाही आणि घाव होईल तितका आडवा. डोक्यावरून मारला तर स्लीपरची कड फुटते, गिट्टीचा चुरा होतो आणि चार दिवसांत तिथेच गाडी हिसका खाते. "समोरासमोर उभे राह्यले तर एकमेकांचं डोकं फोडतीन."

खडू पुसला. नवं चित्र पहिल्याइतकं दिमाखदार नाही: माणसं वाकलेली, दोघांचे चेहरे विरुद्ध बाजूंना. पण आता ते काम करताना दिसतात. चेहरे कुणाचे काढायचे हा माझा प्रश्नही त्यातच सुटला, वाकलेल्या माणसाचा चेहरा फारसा दिसत नाही. आजकाल हे काम यंत्र करतं, त्यामुळे आबांनी दाखवलं नसतं तर मला सांगायला दुसरं कुणी भेटलं नसतं.

२५ मे, शनिवार

पारा पंचेचाळिसाच्या वर. जिल्ह्यात उन्हापायी १४४ कलम लागलं. मजुरांना भर दुपारी उघड्यावर राबवू नये, राबवायचंच तर सावली-पाण्याची सोय करावी असा हुकूम. जमावबंदी उन्हाविरुद्ध प्रथमच ऐकली. आम्ही आता सहा ते साडेआठच रंगवतो.

पट्ट्यावर बोटं वाढताहेत. रात्री कोण येऊन ओढून जातं कळत नाही. पोरांना बोरघाटातल्या शिंग्रोबाची गोष्ट सांगितली. घाटाची वाट साहेबाला सापडेना, ती या धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं तेव्हा त्याला गोळी घातली, असं सांगतात. कागदोपत्री कितीही तपासा, घाटात त्याचं देऊळ आहे आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर गाडीतून नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. हे स्मारक कुणा समितीने केलेलं नाही.

९ जून, रविवार

रंगाचे डबे ज्यांनी दिले त्या गृहस्थांना खाली 'सौजन्य' म्हणून नाव हवंय, फूटभर अक्षरात. मला आठवड्याभर हिल आणि त्याचे सत्तर साहेब दिसत होते. शेवटी मुख्याध्यापकबाईंनीच त्यांना सांगितलं: गेरू इथे आहे, तुम्हीही एक बोट ओढा. विचार करून सांगतो म्हणाले. डबे परत मागितले नाहीत, हे चांगलं.

इकडे आबांची नवी मागणी: गेटमन राहिला, आणि दुपारची भाकर लाइनवर घेऊन येणारी बाई राहिली. त्यांच्या घरचीच असणार, बोलले नाहीत. जागा उरलीय ती फक्त नळाकडच्या बाजूला. तिथलं प्लॅस्टर ओल धरून फुगलंय, शाळा उघडायला सहा दिवस आहेत आणि गवंडी मंगळवारशिवाय मोकळा नाही. मुख्याध्यापकबाईंना म्हटलं, आधी नळाची गळती काढा.