शत्रू खपली आहे, पाणी नव्हे

हेअर ट्रान्सप्लान्टनंतर टाळूची निगा कशी राखावी, यावर लिहा असं संपादकांनी सुचवलं आणि गेल्या पावसाळ्यात माळशेज घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्याहून आलेला एक तरुण पुन्हा मनात घोळू लागला. शस्त्रक्रिया शहरात झालेली. ‘दहा दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही’ एवढीच सूचना घेऊन तो घरी परतला होता. ऐन भाताच्या आवणीचे दिवस, दमट हवा, अंगभर घाम. पाचव्या दिवशी खाज असह्य होऊन त्याने खपल्या उचकटल्या. एक खपली कागदात गुंडाळून दाखवायला आणली होती. तिच्या आतल्या बाजूला केस मुळाच्या कंदासकट चिकटलेला, आणि डोक्यावर त्या जागी लाल, ओला ठिपका. ते ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट रोवलेला केस, कायमचं गेलं.

या शस्त्रक्रियेत डोक्याच्या मागच्या भागातले केस मुळासकट काढून पुढे रोवतात. जागा बदलली तरी ते आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 मध्ये मांडलं. रोवलेल्या ग्राफ्टला टाका नसतो. सुरुवातीला त्याला धरून ठेवते ती फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारी चिकट जाळी. मग जखम भरत जाते, रक्तपुरवठा जुळतो आणि ग्राफ्ट पक्कं होतं.

आता माझ्या आग्रहाचा मुद्दा. बर्नस्टाइन आणि रासमन यांनी 2006 मध्ये रोवलेले केस रोज ओढून पाहिले. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढून ग्राफ्ट निघेना. चिकटलेली खपली ओढली, तर मात्र पाचव्या दिवसापर्यंत ते हमखास निघालं. धोका पूर्ण टळायला नववा दिवस उजाडला. म्हणजे खपली धरूच दिली नाही, तर जोखमीचे दिवस कमी होतात. तरीही ‘पाणी नको’ म्हणणारे डॉक्टर आहेत, याचा मला राग येतो. पहिले काही दिवस सलाइनचा फवारा मारावा. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून सौम्य शाम्पूचा फेस बोटांच्या पेरांनी नुसता टेकवावा आणि मगने हलकेच पाणी सोडावं. शॉवरची धार नको, नखं नकोत, टॉवेलने पुसणं नको. उकळून थंड केलेलं पाणी घेतलं तर उत्तम.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरू शकते. शस्त्रक्रियेत टोचलेला द्रव खाली सरकतो, म्हणून. उशा उंच घेऊन निजावं, वाकून आवणी करू नये. पण गळा सुजला, श्वास अडकू लागला, तर घरी थांबू नये. मार्च 2019 मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाला शस्त्रक्रियेनंतर अशीच लक्षणं दिसली आणि तो दगावला. माळशेजच्या पायथ्याच्या माणसाला तालुक्याचं मुरबाड गाठायलाच वेळ लागतो, हे विसरून चालत नाही.

त्या तरुणाची आजी प्रेमापोटी माक्याचं तेल चोळायला निघाली होती. डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत तेल नको. हेल्मेटचंही तेच, त्यासाठी बाइकच काही दिवस बाजूला ठेवावी. दोन-तीन आठवड्यांनी रोवलेले केस गळू लागतात आणि लोक ‘फसवलं’ म्हणत येतात. आजीला मी सांगितलं, राबातलं रोप उपटून लावलं की आधी मलूल होतं, मग जोर धरतं. आजीला ते लगेच पटलं. शहरातल्या शिकलेल्या रुग्णांना पटवताना मात्र मी थकतो. नवे केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसू लागतात, पूर्ण निकाल वर्षाने.

ही शस्त्रक्रिया कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकायची नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये बजावलं. निगा तरी छापील कागदावरून कशी शिकता येईल? पहिल्यांदा डोकं क्लिनिकनेच धुवावं, घरातल्या माणसाला शेजारी उभं करून. शस्त्रक्रियेचे पैसे घेणाऱ्याने एवढं केलंच पाहिजे आणि पैसे भरण्याआधी रुग्णाने ते मागून घेतलंच पाहिजे.