गडरा रोडची सतरा माणसं

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की आमची कुंभारी लागते. विडी कामगारांची घरकुलं आणि अश्विनी रुग्णालय यांमुळे ती आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. शेजारच्या काकांनी मात्र सारी उमर होटगीकडच्या रुळांवर काढली, गँगमन म्हणून. 1965 च्या लढाईत रेल्वेची माणसं जिथं मेली ती जागा एकदा बघायची, हे त्यांनी फार वर्षांपासून मनात धरलं होतं. यंदा मी त्यांना घेऊन निघालो. पुणं, जोधपूर, बाडमेर.

बाडमेरहून मुनाबावकडे जाणारी गाडी सुटली आणि तासाभरात हिरवळ विरळ झाली. बाजरीचे तुकडे, रुईची झुडपं, मधूनच शमीचं एखादं झाड, लांबवर ढाण्या, म्हणजे छोट्या वस्त्या. बाकी सगळी वाळू. काका खिडकीतून एकसारखे रुळांकडेच बघत होते. "खडी बघ कशी वाळूनं भरलीय," एवढंच म्हणाले.

हा मार्ग मूळचा जोधपूरहून सिंधमधल्या हैदराबादला जाणारा. फाळणीत गडरा शहर पलीकडं गेलं आणि गडरा रोड स्टेशन आपल्याकडं राहिलं. सप्टेंबर 1965 मध्ये आपल्या फौजेनं गडरा घेतलं, तेव्हा तिच्यासाठी दाणागोटा आणि दारूगोळा जायचा तो याच एकेरी मार्गानं. पाकिस्ताननं हा मार्ग तोडण्यासाठी बॉम्ब टाकले. रूळ जोडायला आणि गाडी पुढं न्यायला रेल्वेची माणसं गेली. 9 सप्टेंबरला त्यांतले सतरा जण ठार झाले. दुसऱ्याच दिवशी याच मार्गावरचं सीमेलगतचं मुनाबाव स्टेशन पाकिस्तानच्या हाती पडलं, यावरून आघाडी किती जवळ होती ते कळतं.

रेल्वे कामगारांच्या प्रादेशिक सेनेच्या तुकड्या तेव्हा आपल्याकडे होत्या. एरवी इंजिन चालवणारा किंवा रूळ सांभाळणारा माणूस वेळ पडली की फौजी वर्दी घालायचा आणि आघाडीवर गाड्या चालवायचा. गडरा रोडची माणसं मात्र आपल्या रोजच्या कामावर होती. माझ्या लेखी ती सैनिकच. जिथं बॉम्ब पडतोय तिथं पाना आणि हातोडा घेऊन जाणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? परमवीर अब्दुल हमीद यांचं नाव आमच्या शाळेत प्रत्येक पोराला पाठ होतं, आणि ते असायलाच हवं. ते पडले 10 सप्टेंबरला, म्हणजे या सतरा जणांच्या दुसऱ्या दिवशी. या सतरांतलं एकही नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही, याची मला मनापासून चीड येते.

गडरा रोडला उतरलो. या सतरा जणांचं स्मारक रुळांना लागूनच आहे. दरवर्षी 9 सप्टेंबरला रेल्वे कामगार इथं जमतात, फुलं वाहतात, मेळा भरतो. काकांनी चप्पल काढली आणि एकेक नाव बोटानं लावत वाचलं. मोठ्यानं. हिंदी वाचताना ते अडखळतात, घरात त्यांची भाषा कानडी. पण एकही नाव त्यांनी सोडलं नाही.

"काका, तुम्ही असता तर गेला असता?" मी विचारलं.

"रूळ तुटलाय म्हटल्यावर घरी बसून कसं चालंल? गाडी थांबली की तिकडं पोरं उपाशी. मुकादमानं हाक मारली की जायचंच की."

परतीच्या गाडीला अवकाश होता. फलाटावर या विभागातला एक तरुण ट्रॅकमन भेटला. वारा सुटला की रूळ वाळूत बुडतात आणि फावड्यानं मोकळे करावे लागतात, असं तो सांगत होता. काका म्हणाले, आमच्याकडं उलटं, पावसात काळी माती फुगते आणि भराव खचतो, मग रात्रीबेरात्री कंदील घेऊन खडी ठोकत बसायचं. त्यानं काकांचा हात हातात घेऊन तळव्यावरचे घट्टे बघितले आणि स्वतःचा हात पुढं केला. मग दोघं खडीच्या मापावरून वाद घालायला लागले.