चाळीस दाते

शनिवार पेठेत राहणाऱ्याला चौथा गियर फक्त ऐकून माहीत असतो. ओंकारेश्वरापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत जायचं तर पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, आणि पुस्तकांच्या दुकानांसमोर पाय टेकून न्यूट्रल. अशा पेठेतल्या वाड्याच्या माडीवर बसून आम्ही रेसिंग कारचं गियरिंग ठरवलं, हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो.

इंजिनिअरिंगला असताना मी कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट संघात होतो. एका माणसाची, उघड्या चाकांची कार विद्यार्थ्यांनीच रचायची, बांधायची आणि कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेत पळवायची. ट्रान्समिशन माझ्याकडे होतं. रात्री वर्कशॉपला कुलूप लागलं की बैठक आमच्या माडीवर भरायची. आजी चहा घेऊन यायची आणि दर वेळी तेच विचारायची, "पण गाडी पळणार केवढ्यानं?"

तिचं काय चुकलं? सगळे हेच विचारतात. प्रायोजकही हेच विचारत. आणि गियर ठरवताना याच प्रश्नाचा उपयोग सगळ्यात कमी असतो.

इंजिन होतं केटीएम ३९० ड्यूकचं. हे इंजिन चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतं, त्यामुळे पुण्याच्या मुलांना ते घरचंच वाटतं. तेव्हा ३७३ सीसी, एकच सिलिंडर, सहा गियर. पेटीतले गियर बदलून घ्यायचे म्हणजे नवे गियर कापून, हार्डनिंग आणि ग्राइंडिंग करून घ्यायचे. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. हातात उरलं एकच, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर चढते ते दातेरी चाक. मूळ बाईकला पुढे १५ दाते, मागे ४५, म्हणजे तीनास एक.

पण बाईकचं चाक मोठं, आमचं लहान. आमचा टायर १८ इंच व्यासाचा, एका फेरीत जेमतेम १.४३ मीटर जाणारा. बाईकचा मागचा टायर १.९ मीटरच्या वर जातो. नुसतं चाक बदलल्यानंच गियरिंग पाव हिश्शानं आखूड झालं होतं. इंजिनाच्या ९००० फेऱ्या धरल्या तर बाईकवर दीडशेच्या पुढे जाणारा सहावा गियर आमच्या गाडीत ११५ ला संपत होता आणि पहिला ३६ लाच. पेठेत छत्तीस म्हणजे बेफाम वेग. ट्रॅकवर मात्र क्लच सोडून श्वास घेईपर्यंत तो येऊन जातो.

शिवाय ४५ दात्यांवर पहिल्या गियरमध्ये इंजिनाचा टॉर्क एकवीस पटींहून जास्त होऊन चाकापर्यंत पोचत होता. ड्रायव्हर धरून पावणेतीनशे किलोची गाडी; तिच्या मागच्या टायरना तेवढा जोर जमिनीवर उतरवताच येत नाही. ते जागच्या जागी फिरतात, धूर होतो, बघणारे टाळ्या वाजवतात आणि घड्याळ पुढे जातं. म्हणजे दाते कमी करायचे हे नक्की. किती, यावर भांडण.

वाड्यासमोर दुचाक्या दुरुस्त करणाऱ्या अण्णांना विचारलं. त्यांनी हातातला पाना खाली न ठेवताच सांगितलं, "पुढचा एक दाता म्हणजे मागचे तीन. पुढच्याला हात लावू नकोस, चेन खाईल. मागचंच काय ते बघ." पुढचं स्प्रॉकेट लहान केलं की चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. पुस्तकात हे पानभर असतं.

उमेदवार दोन उरले, ३६ आणि ४०. स्पर्धेत ७५ मीटरची सरळ धाव असते. रेषेवर वेग साधारण ८५ येईल असं आमचं गणित होतं. ३६ दात्यांवर तिसरा गियर बरोबर ८५ ला संपतो, म्हणजे दोनच शिफ्ट. ४० वर तिसरा ७६ ला संपतो, म्हणजे रेषेच्या तोंडावर चौथा टाकावा लागणार. एका शिफ्टला पाव सेकंद जातो, हे सगळ्यांना पाठ. संघातला बहुमताचा कौल छत्तीसला होता, आणि माझाही ओढा तिकडेच.

मग आमच्यातल्या एकीनं ती पाव सेकंदाची शिफ्ट धावेत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहिली, आणि मला वाटतं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. शिफ्ट सुरू असताना गाडी थांबत नाही, फक्त वेग वाढायचा थांबतो. सुरुवातीला हे झालं तर न वाढलेला वेग उरलेल्या सगळ्या अंतरात नडतो. शेवटच्या पंधरा मीटरमध्ये झालं तर नडायला अंतरच उरत नाही. नुकसान सेकंदाच्या दोन-तीन शतांशाचं. शिफ्ट मोजण्यापेक्षा ती कुठे पडते ते पाहायला हवं होतं.

उलट एन्ड्युरन्सला, म्हणजे २२ किलोमीटरच्या धावेला, सगळ्यात जास्त गुण. तिथे वळणं इतकी आवळलेली की वेग २८ च्या आसपास उतरतो. ३६ दात्यांवर दुसऱ्या गियरमध्ये तेव्हा इंजिन चार हजार फेऱ्यांच्याही खाली जातं, आणि एका सिलिंडरचं इंजिन तिथे धक्के मारू लागतं. ४० वर ते ४३०० च्या आसपास राहतं आणि तोच दुसरा गियर ५८ पर्यंत पुरतो. बहुतेक ट्रॅक या दोन वेगांच्या मधलाच. ड्रायव्हरनं स्टिअरिंग सांभाळायचं की पहिला गियर शोधायचा?

फॉर्म्युला वनवाले २०१३ पर्यंत ट्रॅकगणिक गियर बदलत. मोनॅकोला आखूड, मोन्झाला लांब. २०१४ पासून आठही गियरचे रेशो हंगामाआधीच सांगून टाकावे लागतात. त्यांच्याएवढी माणसं आणि पैसा नसला तरी तडजोड तीच होती: सगळीकडे थोडं थोडं नको असलेलं एकच माप.

चाळीस ठरले. ७०७५ ॲल्युमिनियमची प्लेट भोसरीला वायरकटवर कापून घेतली. कारीला सरळ धावेत चौथा गियर रेषेच्या अलीकडेच पडला आणि आमच्या तंबूत कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. एन्ड्युरन्सहून ड्रायव्हर परतला तेव्हा त्यानं हेल्मेट काढून आधी पाणी मागितलं, मग म्हणाला, "पहिला गियर सुटल्यावर परत लागलाच नाही रे."

पुढच्या वर्षी ज्युनियरांनी साडेवीस इंची टायर घेतले आणि स्प्रॉकेट मात्र चाळीसचंच कापायला टाकलं, कारण "मागच्या वर्षी चाललं होतं". मी माडीवरून फोन करून चांगलाच भांडलो. चाक चौदा टक्क्यांनी वाढलं तर दातेही तेवढे वाढवा, म्हणजे पंचेचाळीस-सेहेचाळीस. भोसरीला जाताय कशाला, नाना पेठेत जा आणि बाईकचंच स्प्रॉकेट घेऊन या.