पिंकीची वाटी

आमची पिंकी पॉमेरेनियन. वजन जेमतेम ३ किलो! आपली अर्धी पोळी म्हणजे तिचं पोटभर जेवण. पण घरात माणसं ६, आणि प्रत्येकाचा ‘एकच घास’! सासूबाई तर प्रसादातले बेदाणेही देऊ पाहत. बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा, लसूण, चॉकलेटही त्याला विषच. पण सासूबाईंना ‘नको’ म्हणणं माझ्या जिवावर यायचं. शेवटी पिंकीची वाटीच त्यांच्या हाती सोपवली. डॉक्टरांनी नेमून दिलेलं खाणं त्या दिवसातून ३ वेळा मोजून घालतात.

मैत्रिणींनो, पिल्लू असेल तर ४ वेळा थोडं थोडं द्या. फार वेळ उपाशी राहिलं, तर रक्तातली साखर उतरून ते गळून जातं.

आता कुणाचा हात ताटावरून खाली गेला, की सासूबाईच डोळे वटारतात!