छोटा हत्ती आणि जयणा



एरवी मी खाकरे, पापड, नाहीतर चातुर्मासातल्या स्वयंपाकाबद्दल लिहिते. आज गाडीबद्दल लिहितेय. हसू नका. गेले काही महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता, आणि त्यातून मी जे शिकले ते आपल्या स्वयंपाकघराच्या फार लांबचं नाही.

आम्ही विक्रोळीला कन्नमवारनगरात राहतो. इमारतीमागच्या आवारात सासरेबुवांची गाडी उभी होती. 2011 सालची टाटा एस, सीएनजीवर चालणारी. टाटांनी 2005 मध्ये ही गाडी आणली आणि लोकांनी तिचं बारसं करून टाकलं, छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं लहानसं इंजिन, तेसुद्धा सीटच्या खाली. पण पाऊण टन माल घेऊन गल्लीबोळात वळते. पप्पांचं धान्याचं दुकान होतं. त्या दुकानाची सगळी ओझी या गाडीने वाहिली. 2021 मध्ये पप्पांचा स्वर्गवास झाला, दुकान आवरलं, आणि गाडी ताडपत्री टाकून तशीच राहिली. खाडीकडून येणारी खारी हवा आणि चार पावसाळे. हौद्याचा पत्रा इतका गंजला होता की बोट दाबलं तर आत जाईल. चूक आमचीच. उभ्या गाडीकडेही बघावं लागतं, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं.

मागच्या दिवाळीच्या आधी यांची नोकरी सुटली. माझा खाकऱ्या-पापडाचा उद्योग तेवढा चालू होता. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत माल पोचवायचा तर टेम्पोवाला एका फेरीचे 1,100 रुपये घेतो, आणि आठवड्याला तीन फेऱ्या. म्हणजे नफा त्याच्या चाकाला बांधलेला. एक दिवस भंगारवाला आला आणि गाडीचे 40 हजार देतो म्हणाला. हे त्याच्याशी बोलायला खाली गेले ते तासाभराने परत आले आणि म्हणाले, "विकायला नको. आपणच नीट करू. मी घरीच आहे."

घरात हिशेब मांडला. जास्तीत जास्त एक लाख. त्यातले 60 हजार मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले होते, ते जूनपर्यंत परत उभे करायचे या बोलीवर घेतले. ही रक्कम लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

सासूबाईंचा वेगळाच प्रश्न होता. त्या म्हणाल्या, "भाड्याने द्यायची असेल तर माझी ना आहे." तुम्हाला ठाऊक आहेच, श्रावकाने टाळायचे जे पंधरा कर्मादानाचे धंदे सांगितलेत, त्यात गाड्या बनवून विकणं आणि गाड्या भाड्याने चालवणं हे दोन्ही येतात. त्याच उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाने गाड्यांची मर्यादा घेतल्याचंही आहे, प्रवासाला पाचशे आणि मालाला पाचशे. मी गमतीने म्हटलं, "मम्मी, आपली तर एकच आहे." त्या हसल्या नाहीत. "एकच असली तरी मर्यादा हवी." मग ठरलं, माल फक्त आपल्या घरचा. पुढे एका केटररने महिन्याच्या भाड्याने मागितली, चांगले पैसे देत होता. नाही म्हणताना यांचा चेहरा उतरला होता, माझाही. पण शब्द दिला तो दिला.

ताडपत्री काढली त्या पहिल्याच दिवशी हौद्याच्या कोपऱ्यात कबुतराचं घरटं दिसलं. दोन अंडी. मिस्त्री म्हणाला, उचलून बाजूला ठेवा. आपल्याला ते होणार होतं का? ताडपत्री पुन्हा टाकली. अठरा-एकोणीस दिवसांनी पिल्लं बाहेर आली, ती उडेपर्यंत आणखी महिना गेला. शेजारी चिडवायचे, तुमच्या गाडीला सोयर आलंय. मला मात्र मनातून धाकधूक, टेम्पोचं भाडं तर चालूच होतं.

पण त्या दीड महिन्यात मी एक काम केलं. सासूबाईंनी पप्पांचे सगळे कागद एका स्टीलच्या डब्यात जपून ठेवलेत, ते वाचले. त्यात गॅसच्या टाकीचे जुने दाखले होते. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबावर तपासून घ्यावी लागते आणि तारखेची पट्टी गाडीवर लावतात. पप्पांनी 2014 आणि 2017 ला तपासणी केली होती. 2020 ची लॉकडाऊनमध्ये राहिली. पुढे पप्पाच राहिले नाहीत.

पिल्लं उडाली आणि काम सुरू झालं. पहिला माणूस आला तो वेल्डिंगवाला. हौद्याचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा होता. त्याने मशीन लावली, चष्मा चढवला. मी वरून चहा घेऊन उतरले होते. सहज विचारलं, "गॅसची टाकी काढली का?" तो म्हणाला, "ताई, व्हॉल्व्ह बंद आहे. रोजचं काम आहे आमचं." टाकी त्याच हौद्याच्या खाली. यांनीही माझ्याकडे पाहिलं, काय आता मध्येच, अशा नजरेने.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "आज वेल्डिंग नको." मजुरी वाया गेली, तो कुरकुरत निघून गेला. दोन दिवस घरात अबोला होता.

तिसऱ्या दिवशी हे स्वतःच अधिकृत केंद्रात जाऊन विचारून आले. अशा केंद्रांना मान्यता देणारी पेसो नावाची सरकारी यंत्रणा आहे, तिचं मुख्य कार्यालय आपल्या नागपूरला. तिथल्या तंत्रज्ञाने यांना समजावलं की भरलेल्या टाकीत सुमारे 200 बार दाब असतो. मला बार कळत नाही, पण कुकर कळतो. शिट्टी होताना कुकरमध्ये जो जास्तीचा दाब असतो, त्याच्या जवळजवळ दोनशे पट. आणि मुदत संपलेली टाकी, तीन वर्षं पडून, आत थोडाफार गॅस शिल्लक, वर ठिणग्या. घरी येऊन हे नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "बरं झालं तू चहा घेऊन आलीस."

मी ठिणगीच्या जागी स्वयंपाकघर पाहिलं होतं, बाकी काही नाही. गॅसचा वास आला की बटणाला हात न लावता खिडकी उघडायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. एक फरक मात्र मला नव्याने कळला. घरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. सीएनजी हलका, तो वर जातो. उघड्यावर विरून जातो, पण बंद जागेत छताला साचतो. म्हणून अशी गाडी बंद शेडमध्ये दुरुस्त करू नका.

केंद्राच्या माणसांनी टाकीतला गॅस नीट काढला, टाकी उतरवून नेली. तपासणीत ती पास झाली. नापास झाली असती तर तिथेच निकामी करून टाकतात, परत देत नाहीत. नवी नळी, नवा व्हॉल्व्ह, तपासणी आणि पुन्हा बसवणं मिळून 9,500 रुपये. मग वेल्डिंग झालं, त्याच माणसाकडून.

दुसरं भांडण ब्रेकवरून झालं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टचा मोठा बाजार आहे. तिथून आम्ही दरवाजाचं हँडल, आरसा, काचेची रबरं, मागच्या दिव्याची कव्हरं आणली, सगळं नव्याच्या निम्म्याहून कमी भावात. मग यांनी मागच्या चाकांचे ब्रेक सिलिंडरही जुनेच बघितले. वाचलेल्या पैशांत पेंटर लावायचा होता. पप्पांना गाडी चकचकीत लागायची, दर रविवारी ते ती कपड्याने पुसायचे. यांना तोच आकाशी रंग हवा होता, समोर पप्पांच्या दुकानाचं नाव, पेंटरच्या सुबक अक्षरात. पेंटरने 18 हजार सांगितले होते.

मला यांचं मन मोडवत नव्हतं. म्हणून मी काही बोललेच नाही. बोलल्या त्या सासूबाई. पाण्याचं गाळणं धूत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "पाणी गाळून पितो ते मुंगीच्याही लहान जिवासाठी. रस्त्यावरचा माणूस काय त्याहून हलका आहे?"

मागे स्थानकात साध्वीजींना मी या गाडीबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, गाडीचं आम्ही काही सांगणार नाही, जे कराल ते जयणेने करा. खरंच आहे, ज्या अनवाणी पायी विहार करतात त्या गाडीचं काय सांगणार? तेव्हा मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. सासूबाईंच्या त्या एका वाक्याने त्याचा अर्थ लागला. जयणा म्हणजे गाळणं, पूंजणी, भाजी निवडताना अळी बघणं, एवढंच मी धरून चालले होते. ब्रेकची नळीसुद्धा जयणेतच येते.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. जे बिघडलं तर फक्त आपली गैरसोय होईल, ते जुनं चालेल. जे बिघडलं तर दुसऱ्याचा जीव जाईल, ते नवंच. हँडल जुनं, आरसा जुना. ब्रेक नवे, टायर नवे, गॅसची नळी नवी. तुम्हीही घरी कुठलीही जुनी वस्तू उभी करत असाल, गिझर असो की स्कूटर, हा एक प्रश्न विचारून बघा. यादी आपोआप दोन भागांत पडते.

हिशेब लिहिते, कोणाच्या उपयोगी पडेल. टाकीचे 9,500. चार टायर 14,000. ब्रेक 7,800. बॅटरी 4,500, जुनी परत दिली की काही पैसे कमी होतात, ती भंगारात देऊ नका. हौद्याचा पत्रा आणि वेल्डिंग 16,000. क्लच 6,500. ऑइल, फिल्टर, प्लग, पट्टे, होज 5,200. वायरिंग आणि दिवे 3,500. रेक्झिनची सीट 2,200. विमा, फिटनेस, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मिळून 27,000. कागदांचा हा खर्च आधी धरायला विसरू नका, आम्ही जवळजवळ विसरलोच होतो. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं. एकूण झाले 96,200.

काढलेलं काळं ऑइल गटारात ओतायचं नाही. आमच्याकडचं गटार खाडीला मिळतं आणि खाडीत तिवरांखाली किती जीव असतात ते आपल्याला मोजता येणार नाही. कॅनमध्ये भरून मोठ्या गॅरेजला दिलं, ते पुढे पुनर्वापराला पाठवतात. इमारतीतल्या मुलांच्या परीक्षा होत्या म्हणून दुपारी दोन ते पाच घासकाम बंद ठेवलं. तेव्हापासून कुरकुर करणारे काकाही संध्याकाळी येऊन उभे राहायला लागले.

उरले 3,800 रुपये. त्यात रेड ऑक्साइड, आकाशी ऑइल पेंट, चार ब्रश आणि फिटनेससाठी लागणाऱ्या चमकत्या पट्ट्या आल्या. रंग आम्हीच दिला. मी, मुलगी आणि हे. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, हात आठवडाभर दुखत होते. जवळून बघाल तर ब्रशचे फराटे दिसतात, एका बाजूला ओघळही आलाय. समोर नाव घातलंच नाही. अक्षर चांगलं आलं नसतं आणि वाईट अक्षरात पप्पांचं दुकान यांना बघवलं नसतं. मागच्या फाळक्यावर सासूबाईंनी स्वतः "जय जिनेंद्र" लिहिलं. हात थरथरतो त्यांचा, त्यामुळे वेलांटी जरा खाली आली आहे.

वडाळ्याला फिटनेस झालं आणि अक्षय्य तृतीयेला, 30 एप्रिलला, पहिली फेरी केली. मागे तीनशे किलो माल, मी शेजारच्या सीटवर. आधी पार्कसाइटला वर एका दुकानात माल द्यायचा होता. चढ गाडी रडतखडत चढली, वय झालंय तिचं. उतरताना यांनी मुद्दाम मध्येच ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. हे काही बोलले नाहीत. पाण्याची बाटली मागितली, दोन घोट प्यायले आणि गियर टाकला.

कॉलेजचे 60 हजार अजून पुरते उभे राहिलेले नाहीत, 22 हजार बाकी आहेत. मुलीने पहिला हप्ता भरण्यापुरते झालेत. टेम्पोचं भाडं वाचतंय, त्यातून दर आठवड्याला सासूबाई त्याच स्टीलच्या डब्यात पैसे टाकतात. टाकीच्या पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडं.