विंचवाचे गाणे

संदीप खरे यांचे ‘मी मोर्चा नेला नाही’ हे गीत सुरू झाले की सभागृह हसू लागते. आयुष्यात काहीच न केलेला माणूस त्यात स्वतःचा पाढा वाचतो. हसता हसता श्रोते हळूहळू गप्प होतात. अशा वेळी आम्हांला इंदापुरातील एक रात्र आठवते.

आम्ही बारामतीचे, म्हणजे मोरोपंतांच्या (१७२९-१७९४) गावचे. त्यांच्या आर्या कीर्तनांतून गायिल्या गेल्या. तेव्हा काव्य आणि गायन यांचे नाते आम्हांस नवे नव्हते. परंतु हास्यालाही सूर असतो, हे उमगले ते इंदापुरात.

तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास येते. तेथे गोल रिंगण होते. त्या वर्षी सामाईक विहिरीच्या पाणीपाळीवरून थोरल्या बंधूंशी आमचे बोलणे बंद होते. मुक्कामाच्या रात्री एका दिंडीत आम्ही पाहुणे म्हणून भारूड ऐकावयास बसलो. एकनाथमहाराजांचे (१५३३-१५९९) विंचवाचे भारूड होते ते. लुगडे नेसलेला एक मिशाळ वारकरी कळवळत पुढे आला आणि राहुटीत हशा पिकला.

गंमत शब्दांत होती, तितकीच गाण्यात. कळवळा वरच्या सुरावर ताणला जाई. टाळकरी तोच ध्रुवपदात परत करीत. विष चढावे तशी पखवाजाची लय चढे. चाल मात्र थट्टेची नव्हती. भजन गावे त्याच निष्ठेने ती मंडळी गात होती. म्हणूनच हसू आवरत नव्हते.

मग विंचवाचे नाव कळले: काम आणि क्रोध. उतारा होता सत्त्वगुणाचा. सर्वांत मोठ्याने आम्हीच हसलो होतो, आणि डंख आमच्याच पायाला होता! हेच प्रवचनात ऐकले असते, तर आम्ही बंधूंकडे बोट दाखविले असते. गाण्याने आधी हसविले. बोट उचलण्यास सवडच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंधूंचा उंबरा ओलांडला. पाळीचा प्रश्न काही त्या दिवशी सुटला नाही. वहिनींनी चहाचे आधण मात्र न विचारता ठेवले.