टाइप १ डायबिटिस, दोन विद्यापीठं आणि एक आई

"मॅडम, पोरीला इन्सुलिन चालू आहे. लांब शिकायला पाठवू का नको?"

दरवर्षी निकालांचे दिवस आले की हा प्रश्न ओपीडीत हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं असायचं. "जरूर पाठवा. आजाराला विचारून कॉलेज निवडायचं नसतं." हे वाक्य मी किती सहज बोलत होते ते गेल्या वर्षी मार्चमध्ये कळलं, कारण तेव्हा हाच प्रश्न आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

माझ्या लेकीला अकराव्या वर्षी टाइप १ डायबिटिस झाला. तहान, रात्री सारखं लघवीला उठणं, दोन महिन्यांत उतरलेलं वजन. मी स्वतः फिजिशियन, आणि तरी आठवडाभर "उन्हाळा आहे, होतं असं" म्हणत राहिले. (हे लिहितानाही लाज वाटते.) वाचकांपैकी अनेकांच्या घरी मोठ्या माणसांना असते ती शुगर म्हणजे टाइप २. टाइप १ वेगळा. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्यामुळे हा होत नाही, आणि गोळ्या, पथ्य, काढे यांनी जात नाही. इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. ते पूर्ण थांबलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येऊ शकतो. आमच्याकडे दिवसाला चार इंजेक्शनं, गेली अकरा वर्षं.

लेकीने राहुरीला बी.एस्सी. ॲग्री केलं. तिथे असताना महाबळेश्वरच्या गहू तांबेरा संशोधन केंद्रावर एक चक्कर झाली आणि बाईसाहेब त्या तांबेऱ्याच्या प्रेमात पडल्या. गव्हाच्या पानावरचे ते विटकरी ठिपके दाखवत ती अशी बोलायची, जसं दुसऱ्या मुली नव्या ड्रेसबद्दल बोलतात. तिने परदेशात अर्ज केले. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला.

एक एडिंबरा. एका वर्षाची एम.एस्सी., फी भरायची, म्हणजे आमच्यासाठी कर्ज. दुसरं अमेरिकेतलं मिनेसोटा विद्यापीठ. वनस्पती रोगशास्त्रात एम.एस., फी माफ, प्रयोगशाळेतल्या कामाचं मानधन आणि त्याच कामासोबत आरोग्य विमा. नॉर्मन बोरलॉग याच विभागात शिकले, हे तिने मला आठवड्यात निदान पाच वेळा ऐकवलं. अमेरिकेत मानधनासह मिळालेल्या अशा प्रवेशाला साधारण १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. हातात तीन आठवडे होते.

तिचं मन कुठे आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. माझं एडिंबऱ्यात होतं.

मी डॉक्टरच्या पद्धतीने कामाला लागले. ब्रिटनच्या व्हिसासोबत विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो भरला की तिथली सरकारी आरोग्यसेवा खुली होते, जुना आजार असला तरी. स्कॉटलंडमध्ये तर २०११ पासून प्रिस्क्रिप्शनवरची औषधं सगळ्यांनाच मोफत आहेत. म्हणजे इन्सुलिनचा खर्च शून्य.

आणि अमेरिका? तिथल्या इन्सुलिनच्या किमती शोधता शोधता एका रात्री मला ॲलेक स्मिथ सापडला. मिनियापोलिसचाच मुलगा, वय २६, टाइप १. वयाच्या अटीमुळे आईच्या विम्यातून बाहेर पडला, इन्सुलिन परवडेना म्हणून पुरवून पुरवून घेऊ लागला, आणि महिन्याच्या आत, जून २०१७ मध्ये गेला. त्याच्या आईच्या लढ्यातून २०२० मध्ये मिनेसोटात त्याच्या नावाचा कायदा झाला. तातडीची गरज असलेल्या तिथल्या रहिवाशाला महिनाभराचं इन्सुलिन ३५ डॉलरमध्ये मिळतं. २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनीही किमती बऱ्याच खाली आणल्या. हे सगळं मी वाचलं. डोक्यात राहिलं फक्त २६ वर्षांचं वय आणि त्याची आई.

दुसऱ्या दिवशी मी एक तक्ता केला. इन्सुलिनचा खर्च, हॉस्पिटल, हवामान, अंतर, प्रत्येकाला गुण. एडिंबरा ४१, मिनेसोटा २६. लेकीने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "आई, हा तक्ता डॉक्टरांनी केलाय का आईने? कारण यात तांबेऱ्याला एकही गुण नाहीये."

त्यानंतर आम्ही चार दिवस नीट बोललो नाही. ह्यांनी मध्ये पडून कर्जाच्या हप्त्याचा विषय काढला, तर दोघीही त्यांच्यावरच चिडलो.

त्याच दिवसांत तिची शुगर वेडीवाकडी झाली. उपाशीपोटी २१०, जेवणात काही जास्त नसताना २६०. याचं कारण समजून घ्या, कारण परीक्षेच्या किंवा लग्नाच्या धावपळीत तुमच्याही घरी हे होत असेल. मनावर ताण आला की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. त्यांचं काम म्हणजे संकटाच्या वेळी रक्तात साखर उपलब्ध करून देणं. ज्याचं स्वादुपिंड चांगलं आहे त्याचं इन्सुलिन लगेच वाढतं आणि हिशेब जुळतो. टाइप १ मध्ये तो हिशेब जुळवणारं आत कोणी नसतं. म्हणून शुगर वाढली की "काय खाल्लंस?" हा पहिला प्रश्न नेहमी बरोबर नसतो. मी मात्र तोच विचारला.

घरच्या माणसावर आपण उपचार करू नयेत हा नियम मी पाळते. तिचे डॉक्टर मिरजेचे. त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी फाइल उघडून बोलायला लागले. सरांनी हात वर केला, "मॅडम, एक मिनिट," आणि खुर्ची लेकीकडे वळवली.

"हॉस्टेलवर चार वर्षं होतीस. रात्री शुगर फार खाली गेली असं किती वेळा झालं?"

"दोनदा, सर."

मला एकदाही माहीत नव्हतं. एकदा थर्ड इयरला, पहाटे तीन वाजता, ती घामाने भिजून काहीतरी असंबद्ध बोलत होती. रूममेटने तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, पुन्हा पाजली. अगदी नियमाप्रमाणे. हा नियम लेकीने पहिल्याच आठवड्यात सगळ्या विंगला शिकवून ठेवला होता. माणूस गिळू शकत असेल तरच तोंडाने द्यायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन कपाटात कुठल्या खणात आहे, हे त्या मुलींना पाठ होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रात्रीच गाडी काढून आली असतीस."

आले असते.

सर मला म्हणाले, "हिच्या बाबतीत 'जमेल का' हा प्रश्न चार वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. आता कुठे काय विचारायचं एवढंच बघू." मग आम्ही तिघांनी मिनेसोटाचा विमा नीट वाचला. परदेशी जाणाऱ्यांनी इथे डोळे उघडे ठेवा. इथून स्वस्तात विकत घेतलेल्या प्रवासी पॉलिसीत बहुतेक वेळा आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. मुलाला टाइप १ असेल तर तसली पॉलिसी जवळपास कागदाचा तुकडाच. विद्यापीठाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा: जुना आजार पहिल्या दिवसापासून धरणार का, इन्सुलिन आणि सेन्सरचे दरमहा खिशातून किती जाणार, आणि विमा नक्की कोणत्या तारखेला सुरू होतो. आमच्या बाबतीत पहिल्या दोन उत्तरांनी मी गप्प झाले. तिसऱ्यात दोन आठवड्यांची फट निघाली, म्हणून तीन महिन्यांचं इन्सुलिन सोबत द्यायचं ठरलं.

१२ एप्रिलला तिने मिनेसोटाला हो कळवलं. मी बाजूलाच बसले होते. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल.

तयारीत मात्र आईला आणि डॉक्टरला एकत्र काम मिळालं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात आणि त्यांची लाल टोपणाची सिरिंज. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये बाटली १०० युनिटची, टोपण नारिंगी. तिकडची बाटली आणि इकडची सिरिंज अशी गाठ पडली तर दहाच्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात पंचवीस युनिट जातात. अडीचपट! पेन नेहमी वापरत असली तरी अडीअडचणीला म्हणून तिच्या डब्यात लाल टोपणाच्या सिरिंज होत्या. त्या सगळ्या मी स्वतः काढून घेतल्या.

राहुरीच्या मे महिन्यात आम्ही इन्सुलिन वाळूच्या ओल्या माठात ठेवायचो. मिनियापोलिसच्या जानेवारीत पारा शून्याखाली वीसच्याही खाली जातो, तिथे भीती उलटी. गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा नीट दिसलं तरी टाकून द्यायचं. पेन कोटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ. आणि विमानात इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांचं पत्र. सामानात कधीच नाही.

शेवटची वाटाघाट सेन्सरवरून झाली. तिच्या दंडावरच्या सेन्सरचे आकडे माझ्या फोनवर दिसतात. ती ते बंद करणार होती. शेवटी तह झाला: मी बघायचं, पण ५५ च्या खाली गेल्याशिवाय किंवा वीस मिनिटांत आकडा वर आला नाही तरच फोन करायचा.

गेल्या महिन्यात दुपारी दीड वाजता ओपीडीत फोन वाजला. तिकडे पहाटेचे तीन. ६६, बाण खाली. समोर कवठेमहांकाळच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांचं बीपी मी एकदा घेतलं, आकडा लक्षातच राहिला नाही, पुन्हा घेतलं. "डॉक्टरीणबाई, माझं लई वाढलंय का?" आजींनी घाबरून विचारलं. "नाही हो आजी, तुमचं छान आहे," मी म्हटलं. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. ६४. मग ७१. मग ८५.

पाठोपाठ मेसेज आला. "ज्यूस घेतला. पेशंट बघ."